रेअर डिसीज क्लिनिक आणि इन्फ्युजन डे केअर : लेकीला घेऊन दर आठवड्याला जातो तिथला रिव्ह्यू

ज्यांच्या घरी एमपीएसचं (म्युकोपॉलिसॅकरायडोसिस, एन्झाइम कमी असल्याने होणारा दुर्मिळ जन्मजात आजार) मूल आहे किंवा नुकतंच निदान झालंय त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांना हे जरा जास्तच बारीकसारीक वाटेल, त्यांनी खुशाल स्क्रोल करा. हॉस्पिटलचं नाव देत नाहीये कारण यात तक्रारीपण आहेत आणि पुढच्या आठवड्यात आम्हाला परत त्यांच्याच दारात उभं राहायचंय.

आमच्या लेकीला एमपीएस ६ आहे, याला मॅरोटो-लामी सिंड्रोमपण म्हणतात, पिएर मॅरोटो आणि मॉरिस लामी या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९६३ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून. थोडक्यात सांगायचं तर शरीरात एक एन्झाइम असतं, अ‍ॅरिलसल्फेटेज बी, ते हिच्यात जवळजवळ नाहीच, त्यामुळे डर्मटन सल्फेट नावाचा साखरेच्या लांब साखळीसारखा पदार्थ तुटत नाही आणि साठत राहतो, हाडं, सांधे, हार्टचे व्हॉल्व्ह, डोळ्याचा कॉर्निया, श्वासाची नळी, सगळीकडे. बुद्धीवर मात्र सहसा परिणाम होत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण हॉस्पिटलातल्या निम्म्या लोकांना हेच माहीत नसतं, बुटकं मूल आणि वेगळा चेहरा बघितला की ते बोबड्या भाषेत सुरू होतात. अहो मोठ्याने बोला, चालेल, तिला हिअरिंग एड आहे, पण बोबडं कशाला?

आता मुद्द्याचं. औषध जगात कुठेही गेलात तरी तेच आहे, गॅलसल्फेज, अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं, आठवड्यातून एकदा शिरेतून. त्यामुळे 'तिकडे औषध चांगलं देतात' या वाक्याला काही अर्थ नाही. जागा निवडताना मी आता एकच बघतो, हे लोक आमच्या मुलीला किती वेगवेगळ्या दिवशी बोलावतात, किती वेळा टोचतात आणि किती वेळा भूल देतात. या तीन गोष्टी ज्यांनी कमी केल्या ते चांगलं हॉस्पिटल, मग लॉबीत झुंबर असो नसो.

इन्फ्युजनचा दिवस इथे कसा जातो ते सांगतो. गेल्या गेल्या वजन, टेंपरेचर, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन). वजन दर वेळी करतात कारण डोस किलोला १ मिलिग्रॅम आणि व्हायल म्हणजे औषधाची छोटी बाटली येते ५ मिलिग्रॅमची, म्हणजे १७ किलोच्या मुलीला १७ मिलिग्रॅम, त्यासाठी ४ व्हायल लागतात. ताप किंवा छातीत सर्दी असेल तर डॉक्टर बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत, बऱ्याचदा पुढे ढकलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलगी बेडवर येऊन तपासून होईपर्यंत एकही व्हायल फोडत नाहीत. आधी आम्ही जिथे जायचो तिथे सकाळीच सगळं तयार करून ठेवायचे, एकदा नेमका ताप निघाला आणि सगळं वाया गेलं, इतकं दुर्मिळ औषध डोळ्यांदेखत बादलीत जाताना बघणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

हाताला सुन्न करणारं क्रीम आम्ही घरूनच लावून निघतो कारण त्याला तासभर तरी लागतो. सांधे आखडलेले, हात जाडसर, शीर सापडत नाही. इथे नियम आहे की एका सिस्टरने दोनदाच प्रयत्न करायचा, तिसऱ्यांदा दुसऱ्या अनुभवी सिस्टरला बोलवायचं. साधी गोष्ट आहे पण हा नियम ज्या हॉस्पिटलात नसतो तिथे काय होतं ते मी बघितलंय, समोरच्याचा इगो आणि आपल्या पोराचा हात.

औषध बनवताना मी शेजारी उभा राहतो, कोणी हाकलत नाही (हापण एक प्लस पॉइंट). फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवतात, मग सलाइनच्या पिशवीत हळूहळू सोडतात. हलवायचं नाही, कारण हे प्रोटीन आहे, फेस झाला की बिघडतं. एक नवीन सिस्टर व्हायल खुळखुळ्यासारखी वाजवायला लागली होती, मोठ्या सिस्टरने नुसता तिचा हात धरून खाली आणला आणि स्वतः व्हायल दोन तळव्यांत धरून हळू फिरवून दाखवली, ना ओरडा ना लेक्चर. लाइनला ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लागतो, तो लावलाय का ते मी दर वेळी बघतो आणि दर वेळी लावलेला असतो, तरी बघतोच.

पूर्ण पिशवी जायला किमान ४ तास. त्यात पहिल्या तासात जेमतेम अडीच टक्के जातं, म्हणजे पंपाकडे बघत बसलात तर वाटेल बंदच पडलाय, बाकीचं सगळं पुढच्या तीन तासांत. हे मुद्दाम असतं, रिअ‍ॅक्शन आली तर थोडक्यात लक्षात यावी म्हणून. आणि वर्षभर सुरळीत गेलं म्हणून पुढे येणारच नाही असं काही नसतं बरं का, आमच्या हिला सगळं छान चाललेलं असताना एक दिवस मानेवर गांधी उठल्या, ती म्हणाली "बाबा खाजतंय", मी बेल दाबायच्या आत सिस्टरने पंप बंद केला होता, कारण ती तिथेच होती, दोन खोल्या पलीकडे मोबाइल बघत नव्हती. डॉक्टर आले, औषध दिलं, थांबले, परत हळू स्पीडने सुरू केलं आणि त्या दिवसाचा डोस पूर्ण झाला. डे केअरला मी पूर्ण मार्क देतो ते एवढ्यासाठी.

अजून एक, इन्फ्युजनच्या अर्धा ते एक तास आधी अ‍ॅलर्जीचं औषध देतात, त्याने झोप येते, आणि या मुलांना झोपेत श्वास अडकायचा त्रास असतो. इथे पहिल्याच दिवशी विचारलं की स्लीप स्टडी झालीय का, झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन वापरता का, मग घेऊनच या. आता ती मशीन लावून गाढ झोपते आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब असतो. जुन्या ठिकाणी हे कुणी विचारलंही नव्हतं.

दर काही महिन्यांनी मोठा रिव्ह्यू असतो, त्या दिवशी हार्ट, डोळे, ईएनटी, ऑर्थो, स्पाइन, फिजिओ, जेनेटिक्स सगळे. इथे एक कोऑर्डिनेटर मॅडम आहेत, त्या हे सगळं एका दिवसात बसवतात आणि आदल्या संध्याकाळी मेसेजवर टाइमटेबल पाठवतात, हा सगळा सेटअप खरंतर त्या एका बाईंच्या जिवावर चाललाय असं माझं स्पष्ट मत आहे, त्या सुट्टीवर होत्या तेव्हा इको झाल्यावर आम्ही डोळ्यांच्या ओपीडीत दुपार काढली आणि शेवटी कळलं आमचं नावच लिस्टमध्ये नाही. फिजिओला १२ मिनिटांची वॉक टेस्ट आणि ३ मिनिटं जिने चढणं असतं. हेच का, तर औषधाच्या मुख्य ट्रायलमध्ये ३९ पेशंटवर हेच मोजलं होतं. लेकीला ही टेस्ट अजिबात आवडत नाही, "मी चालते हे यांना दिसत नाही का" असं म्हणते.

भुलीबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. या मुलांची मान वरच्या बाजूला अस्थिर असू शकते, मज्जारज्जूवर दाब असू शकतो, जीभ मोठी, श्वासनलिका अरुंद, म्हणजे भूल देऊन नळी घालणं हे मूळ तपासणीपेक्षा जास्त रिस्की. आधीच्या हॉस्पिटलात एमआरआयला वेगळी तारीख, कानाच्या बेरा टेस्टला वेगळी, दातांना वेगळी, आणि तिन्ही वेळा भूल, असं बिनधास्त लिहून दिलं होतं. इथे ते कागद बघून भूलतज्ज्ञांनी डोक्यालाच हात लावला. त्यांनी आठवडाभर आधी आम्हाला भेटायला बोलावलं, मानेचे एक्स-रे बघितले, जुन्या ऑपरेशनच्या भुलीच्या नोट्स मागवून घ्यायला लावल्या, आणि मग एकाच भुलीत एमआरआय, बेरा, दात आणि रक्तपण उरकलं. नंतर एक कार्ड बनवून दिलं, कुठल्या साइजची नळी लागली, स्कोपने घातली, मान मागे वाकवू नका, असं सगळं. ते कार्ड माझ्या पाकिटात एक, बायकोच्या पर्समध्ये एक, दप्तरात एक.

जेनेटिक्सच्या डॉक्टरांनीपण आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की बिघडलेला जीन दोघांकडून एकेक आलाय, प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, यात कुणा एकाचा दोष नाही. आणि औषध काय करणार नाही तेही पहिल्याच भेटीत सांगितलं, कॉर्निया, हाडं, व्हॉल्व्ह इथे ते नीट पोचत नाही, तेव्हा चमत्काराची वाट बघू नका, चालणं आणि दमसास सुधारेल. असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मला परवडतो.

आता वाईट बाजू, आणि ती बरीच आहे.

अ‍ॅपमध्ये आजाराच्या लिस्टमध्ये आमचा आजारच नाही, 'इतर' निवडावं लागतं आणि 'इतर' निवडलं की अपॉइंटमेंट जनरल ओपीडीला जाते. रेअर डिसीज क्लिनिक चालवणाऱ्यांना हे इतक्या वेळा सांगूनही बदललेलं नाही. दर काही महिन्यांनी रेसिडेंट डॉक्टर बदलतात आणि नवीन आलेला परत जन्मापासून सुरू करतो, रडली का लगेच, वजन किती होतं, हर्निया कधी लक्षात आला. मी एक पानाचा सारांश टाइप करून ठेवलाय, तो हातात दिला की छान म्हणतात, बाजूला ठेवतात आणि परत तेच विचारतात.

विद्यार्थ्यांचा प्रकार तर डोक्यात गेला होता. न विचारता आठ-दहा जण बेडभोवती उभे आणि सर तिच्या चेहऱ्याचं, बोटांचं वर्णन करतायत, तिच्या समोर, तिला सगळं कळतंय. मी लेखी तक्रार दिली. त्यानंतर आता आधी तिलाच विचारतात, आणि ती कधी हो म्हणते, कधी सरळ नाही म्हणते, आणि नाही म्हणाली की खरंच जातात. सुधारलं हे मान्य, पण तक्रार केल्यावर सुधारलं.

आणि हे कुणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही, पण या क्लिनिकच्या बाथरूमला गोल फिरवायचा नॉब आहे! ज्या मुलांची बोटं वळलेली, मनगट आखडलेलं, त्यांच्या क्लिनिकला गोल नॉब. नळपण तसाच, घट्ट पिळायचा. माझी लेक सगळं स्वतः करायचा हट्ट करते आणि इथे येऊन मला हाक मारावी लागते. नॉब काढून हँडल लावायला सुतारीचं तासाभराचंही काम नाही.

शनिवारचे स्लॉट अगदी कमी आहेत, त्यामुळे बहुतेकांचा दर आठवड्याला शाळेचा एक दिवस जातोच, आमचे एक आड एक शनिवार मिळवायलाही बायकोने कोऑर्डिनेटर मॅडमच्या मागे तगादा लावला तेव्हा मिळाले. पालकांसाठीची खुर्ची प्लास्टिकची, चार-पाच तास बसून बघा एकदा.

एकूण पाचपैकी चार. डे केअर आणि भूलवाली टीम पाचपैकी पाच, अ‍ॅप आणि रजिस्ट्रेशन एक, तेही शून्य देता येत नाही म्हणून.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एन्झाइमचा रिपोर्ट न्या, त्यात सोबत दुसरं एखादं सल्फेटेज (त्याच गटातलं एन्झाइम) तपासून नॉर्मल आलंय का ते बघतात कारण सगळीच सल्फेटेज कमी असली तर तो वेगळा आजार निघतो, मग युरिन जीएजी (डर्मटन सल्फेटसारखे पदार्थ लघवीत किती आहेत ते), जीन रिपोर्ट, आधी कधीही भूल दिली असेल तर त्याचे कागद, आणि एमआरआयची सीडी, नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्पाइनवाले डॉक्टर स्वतः फिल्म बघितल्याशिवाय एक शब्द बोलत नाहीत आणि मग परत यावं लागतं.