शॉर्ट्सचा वाटा, रीलची कोलॅब की स्वतःचा क्लास?

पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीत संस्कारभारती रांगोळीचे व्हिडिओ करणारी एक मुलगी राहते. नोकरीवरून परतल्यावर तिच्या हाती जेमतेम दोन तास उरतात. गेल्या महिन्यात जिन्यातच मला थांबवून तिने विचारले, "काकू, हे दोन तास शॉर्ट्सला देऊ की रीलला? पैसे नेमके कुठे आहेत?" मी २०२१ पासून ब्लाउजच्या कटिंगचे आणि शिवणाचे छोटे व्हिडिओ करते, तेच व्हिडिओ यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये आणि इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये, दोन्हीकडे टाकते आणि दोन्हीकडची जमा एकाच वहीत लिहिते. जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहिले होते, ते येथे पूर्ण करते.

निवड करताना प्रथम पैसे कोणाच्या खिशातून येणार हे पाहावे. शॉर्ट्समध्ये ते प्लॅटफॉर्मच्या जाहिरात-उत्पन्नातून येतात, रीलमध्ये बहुतांशी एखाद्या दुकानदाराच्या किंवा ब्रँडच्या खिशातून येतात आणि क्लास किंवा ऑर्डर घेतली तर पाहणाऱ्याच्याच खिशातून येतात. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर काही दिवसांतच रील आले आणि सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स आले. सुरुवातीला दोघांनीही क्रिएटरना, म्हणजे व्हिडिओ करणाऱ्यांना, ओढून घेण्यासाठी पैसे वाटले. यूट्यूबने १० कोटी डॉलरचा शॉर्ट्स फंड काढला, तर इन्स्टाग्रामने रीलसाठी बोनस दिला. पुढे दोन्ही आटले. यूट्यूबने मात्र १ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सच्या जाहिरातींत वाटा देणे सुरू केले. इन्स्टाग्रामवर असा सर्वांना लागू होणारा ठरलेला वाटा नाही, त्यामुळे तिथे व्ह्यूज कितीही आले तरी आपण होऊन खात्यात काही जमा होत नाही. बोनसच्या जुन्या गोष्टी ऐकून आज कोणी रील करायला बसत असेल, तर त्याने एवढे आधी ध्यानात घ्यावे.

शॉर्ट्सच्या वाट्यासाठी १००० सबस्क्रायबर लागतात आणि त्याबरोबर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी वैध व्ह्यूज किंवा १२ महिन्यांत मोठ्या व्हिडिओंचे ४००० तास पूर्ण व्हावे लागतात. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिले गेलेले तास या ४००० मध्ये धरत नाहीत, हे अनेकांना अर्ज करण्याच्या वेळीच कळते. त्याआधीचा एक टप्पा ५०० सबस्क्रायबरचा आहे. त्यात ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज किंवा १२ महिन्यांत मोठ्या व्हिडिओंचे ३००० तास झाले, तर सुपर थँक्स (प्रेक्षकाने दिलेली बक्षिसी) आणि मेंबरशिप (प्रेक्षकाची मासिक वर्गणी) यांसारख्या सोयी मिळतात, पण जाहिरातीचा वाटा मिळत नाही. मराठीत बोलणाऱ्या चॅनेलला तीन महिन्यांत एक कोटी व्ह्यूज मिळवणे किती कठीण आहे, हे ज्याने प्रयत्न केला आहे त्यालाच ठाऊक. मी स्वतः ४००० तासांच्या वाटेने आत आले.

आत आल्यावर वाटप कसे होते, याबद्दल गैरसमज फार आहेत. शॉर्ट्सच्या मधे दिसणाऱ्या जाहिराती कोणत्याही एका व्हिडिओच्या नसतात, म्हणून त्यांचे उत्पन्न आधी एकत्र केले जाते. त्यातून संगीताच्या परवान्याचा भाग बाजूला निघतो आणि उरलेली रक्कम क्रिएटरमध्ये त्या त्या देशातल्या व्ह्यूजच्या प्रमाणात विभागली जाते. आपल्या नावे आलेल्या रकमेपैकी ४५ टक्के आपले असतात; मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींत हेच प्रमाण ५५ टक्के आहे. गाणे वापरले की आपले पैसे निम्मे होतात, असे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. गाण्यांमुळे सगळ्यांचा मिळून असलेला निधी कमी होतो, आपल्या हिश्श्याचे ४५ टक्के तसेच राहतात. व्ह्यू कोणत्या देशातून आला याने मात्र खूप फरक पडतो. अमेरिकेत किंवा आखातात पाहिल्या गेलेल्या व्हिडिओला तिथल्या जाहिरातींतून हिस्सा मिळतो आणि आपल्याकडच्या जाहिराती त्यामानाने स्वस्त असतात. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी तो व्ह्यू म्हणून मोजला जातो, तर पैशाचा हिशेब 'एंगेज्ड व्ह्यूज', म्हणजे पाहणारा पुढे सरकून न जाता थांबला ते व्ह्यूज, या वेगळ्या आकड्यावर होतो. त्यामुळे स्क्रीनवरचा मोठा आकडा पाहून हरखून जाण्यात अर्थ नाही.

माझ्या वहीतले एक पान सांगते. गेल्या वर्षी श्रावणात पैठणीच्या काठातून बाही कशी बेतायची हे दाखवणारा माझा एक शॉर्ट चालला. त्या महिन्यात माझ्या सर्व शॉर्ट्सना मिळून साडेचार लाखांच्या आसपास व्ह्यूज आले आणि शॉर्ट्सच्या रकान्यात नऊ डॉलरहूनही कमी रक्कम जमा झाली. त्याच महिन्यात कटोरी ब्लाउजच्या अठरा मिनिटांच्या एका जुन्या व्हिडिओने अवघ्या अकरा हजार व्ह्यूजवर जवळजवळ तेवढेच दिले. मिळालेली रक्कम लगेच हातीही पडत नाही. खात्यात १० डॉलर झाले की पत्ता तपासण्यासाठी टपालाने पिन येतो (आमच्या पोस्टमनने तो क्रेडिट कार्डाची जाहिरात समजून परत नेला होता), आणि १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. प्रेक्षक अमेरिकेतही असतील तर कराचा फॉर्म वेळेवर भरावा. भारत-अमेरिका करारानुसार तिथल्या प्रेक्षकांपासूनच्या उत्पन्नावर १५ टक्के कपात होते. फॉर्मच भरला नाही तर संपूर्ण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात.

आता रील. इथे पैसे मागावे लागतात, आणि मागण्याची सवय नसलेल्या माणसाला हाच भाग सर्वांत जड जातो. लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानात मी पहिल्यांदा कोलॅबसाठी, म्हणजे पैसे घेऊन त्यांच्या मालाचे रील करण्यासाठी, गेले, तेव्हा दोन लाख व्ह्यूज झालेले रील मोठ्या अभिमानाने दाखवले. मालकांनी ते पूर्ण पाहिले, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "ताई, दोन लाख लोकांनी पाहिलं, छानच आहे. पण त्यातले बसने येऊन आमच्या पायऱ्या चढणारे किती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन इनसाइट्समधली (इन्स्टाग्राम देते त्या प्रेक्षकांच्या आकडेवारीतली) शहरांची यादी उघडली, तेव्हा त्या रीलचे बहुतेक प्रेक्षक परराज्यातले निघाले. उलट तुळशीबागेत लेस कोणत्या बोळात घ्यावी आणि भाव करताना काय बोलावे, या विषयावरचे माझे एक साधे रील जेमतेम चौदा हजारांपर्यंत पोहोचले होते, पण त्याचे निम्म्याहून अधिक प्रेक्षक पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे होते. पुढच्या खेपेला तेच दाखवले आणि सौदा झाला. त्या एका रीलचे मिळालेले पैसे माझ्या वर्षभराच्या शॉर्ट्सच्या वाट्यापेक्षा जास्त होते. पुण्यात मिसळ, कपडे, दागिने, क्लासेस, सिंहगड किंवा पानशेतकडची सहल अशा विषयांवर काम करणाऱ्याने लाखांच्या मागे लागण्यापेक्षा शहरांची ही यादी अधिक बारकाईने वाचावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोलॅबचे व्यवहार तोंडी ठरतात आणि तिथेच फसतात. एका एजन्सीने माझ्याकडून तीन रील करून घेऊन चार महिने पैसे दिले नाहीत. तेव्हापासून मी निम्मी रक्कम आगाऊ घेते आणि निदान व्हॉट्सअ‍ॅपवर चार गोष्टी लिहून घेते: दुरुस्त्या किती वेळा होतील, उरलेले पैसे कोणत्या तारखेला मिळतील, माझा व्हिडिओ त्यांनी स्वतःच्या जाहिरातीत किती दिवस वापरावा आणि त्या काळात मी दुसऱ्या दुकानाचे काम घेऊ शकते की नाही. तिसरा मुद्दा नवखे लोक सोडून देतात आणि मग आपला चेहरा वर्षभर फुकट फिरत राहतो. पैसे घेऊन केलेल्या रीलवर गाजलेले चित्रपटगीत लावू नये, कारण अ‍ॅपमधला गाण्यांचा परवाना जाहिरातीसाठी नसतो. जाहिरात आहे हे सांगणेही बंधनकारक आहे. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही सूचना काढल्या. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरात असल्याची ओळ किमान ३ सेकंद दिसली पाहिजे, त्याहून मोठ्या आणि दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ दिसली पाहिजे आणि व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत ती असावी. मराठी रीलवर 'जाहिरात' असे सरळ लिहावे. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरे टाकून सुटका होत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बार्टरबद्दल, म्हणजे पैशांऐवजी वस्तू घेण्याबद्दल, थोडे सांगायला हवे, कारण पुण्यात निम्म्या कोलॅबची बोलणी 'आम्ही प्रॉडक्ट देतो' या वाक्यावर सुरू होतात आणि तिथेच संपतात. वस्तू हेही उत्पन्नच आहे. समजा, एखाद्या कंपनीने ४०,००० रुपयांचे शिलाई मशीन व्हिडिओसाठी दिले आणि ते आपल्याकडेच राहिले, तर वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या अशा लाभावर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कर कापण्याचा, नियम लागतो. व्हिडिओ झाल्यावर मशीन परत केले, तर तो लाभ धरला जात नाही. रोख मानधनावरही कंपन्या सामान्यतः १० टक्के टीडीएस कापतात. तो विवरणपत्र भरून हिशेबात घेता येतो, म्हणून प्रत्येक कपातीची नोंद ठेवावी. जीएसटीची नोंदणी सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर लागते. सुरुवात करणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये.

फेसबुकला यात फार वेळ देण्याची गरज नाही, पण तेच रील तिथेही टाकायला काही खर्च येत नाही. त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये कमाईचे वेगवेगळे कार्यक्रम एकत्र आणून नवा कार्यक्रम सुरू केला आणि ज्यांना त्यात प्रवेश मिळतो त्यांना थोडेफार मिळते. माझ्या शिवणाच्या व्हिडिओंचा चाळिशीपुढचा प्रेक्षकवर्ग तर मुख्यतः तिथलाच आहे. मोज आणि जोश या देशी अ‍ॅपवर मी काही महिने होते आणि नंतर वेळेअभावी सोडले.

अ‍ॅफिलिएट लिंकचा (तिच्यावरून कोणी वस्तू घेतली की आपल्याला कमिशन मिळते) मार्ग ऐकायला सोपा वाटतो, पण ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक दाबता येत नाहीत, आणि रीलच्या कॅप्शनमधल्या लिंकही दाबता येत नाहीत. त्यामुळे प्रेक्षकाला प्रोफाइलपर्यंत चालत यावे लागते आणि निम्मे वाटेतच गळतात.

तिसरा पर्याय स्वतःचे काही विकण्याचा. मी महिन्याला बारा जणींचा कटिंगचा क्लास घेते आणि तयार कागदी पॅटर्न कुरिअरने पाठवते. व्हिडिओ हा या सगळ्याचा बोर्ड आहे, त्याच्याकडून मी वेगळ्या कमाईची अपेक्षाच ठेवत नाही. माझ्या वहीत वर्षाअखेरीस सर्वांत मोठी बेरीज याच रकान्याची असते. त्यामागचे कष्ट मात्र रीलमध्ये दिसत नाहीत: माप चुकले की रात्री साडेदहाला फोन येतो, पॅटर्न कुरिअरमध्ये दुमडला तर दुसरा पाठवावा लागतो, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात एकही नवा व्हिडिओ होत नाही. ज्याला माणसांशी इतके बोलणे नको आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

रांगोळीच्या मुलीचे गणित माझ्यापेक्षा वेगळे आहे. तिच्या व्हिडिओत बोलणे नसते; चाळणीतून पांढरा रंग पडतो, पाच बोटांतून रेषा उतरते, आणि ते चेन्नईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या बाईलाही तितकेच कळते. म्हणून तिच्यासाठी शॉर्ट्स माझ्यापेक्षा अधिक फायद्याचे ठरू शकतात, मात्र एक कोटी व्ह्यूजची वाट पाहत बसण्यापेक्षा तिने महिन्याला दोन मोठे, शिकवणारे व्हिडिओ करून ४००० तासांकडे सरकावे. उलट, पुण्यातली खाण्याची ठिकाणे दाखवणाऱ्याने इन्स्टाग्रामच धरावे. त्याचा प्रेक्षक शहरातला असतो आणि पैसे देणारा दुकानदारही. मराठीत बोलून एखादी विद्या शिकवणाऱ्याने क्लासचा विचार पहिल्या महिन्यापासून करावा, फॉलोअर वाढण्याची वाट पाहू नये. नोकरी सोडण्याचा प्रश्न तिने अजून विचारलेला नाही; विचारला असता तर मी सलग बारा महिन्यांची वही मागितली असती, कारण दिवाळीच्या महिन्यातली कमाई पाहून घेतलेला निर्णय आषाढात फार महाग पडतो.

तूर्त तिने दोन तासांची विभागणी केली आहे. आठवड्यातले चार दिवस शॉर्ट्स आणि एक मोठा व्हिडिओ, एक दिवस फक्त पुण्यासाठीचे रील, ज्यात रांगोळीच्या ऑर्डरसाठी नंबर असतो. त्यातून सिंहगड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाच्या रांगोळीची पहिली ऑर्डर आली आहे. आगाऊ रक्कम मागायला ती अजून लाजते, म्हणून तो मेसेज मीच तिला लिहून दिला.