जामोवी वापरून पाहिलं: फुकटातलं स्टॅटिस्टिक्स सॉफ्टवेअर, बडोद्याहून रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच. थिसिससाठी नाहीतर नोकरीत डेटा ॲनालिसिस करायचंय आणि कोडिंग म्हटलं की पोटात गोळा येतो अशा सगळ्यांनी बिनधास्त इन्स्टॉल करा. पैसे लागत नाहीत, ट्रायल संपली म्हणून कुलूप लागत नाही, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. ओळखीतली अर्धी पोरं अजून महागड्या सॉफ्टवेअरच्या मागे आहेत आणि ते पेनड्राइव्हवर कुठून आलं ते विचारायचं नसतं :)

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या खात्यात आहे, भाची इथेच न्यूट्रिशनमध्ये एमएस्सी करतेय, दोघी मिळून शिकलो. त्याआधी तिने रावपुऱ्यात एक क्लास लावला होता, नाव नाही घेत, पण तिथे फक्त कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं, पी (पी-व्हॅल्यू, अर्थ पुढे येईलच) ०.०५ च्या खाली आला की "सिग्निफिकंट" लिहा आणि वर गेला की "नॉट सिग्निफिकंट" लिहा, झालं स्टॅटिस्टिक्स. त्यासाठी घेतलेली फी ऐकून मी तर गप्पच बसले.

आता मुद्द्याचं. जामोवीत डेटा लायब्ररी म्हणून भाग आहे, त्यात टूथ ग्रोथ नावाचा डेटा मिळतो. ६० गिनीपिग, निम्म्यांना व्हिटॅमिन सी संत्र्याच्या रसातून, निम्म्यांना नुसतं ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे व्हिटॅमिन सीच), डोस अर्धा, एक आणि दोन मिलीग्राम, आणि मोजलंय काय तर दात वाढवणाऱ्या पेशींची लांबी. रसवाल्यांची सरासरी २०.६६, दुसऱ्यांची १६.९६. टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीची तुलना, लावली की पी येतो ०.०६०. भाची लगेच, "मावशी, म्हणजे फरक नाहीच ना?" क्लासचा परिणाम, दुसरं काय.

तर तिथेच बाजूला कॉन्फिडन्स इंटर्व्हलची (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) टिक आहे ती करा. इंटर्व्हल येतो उणे ०.१७ ते ७.५७. म्हणजे खरा फरक शून्याच्या आसपासही असू शकतो आणि साडेसातपर्यंतही असू शकतो, या डेटावरून एवढंच बोलता येतं, "फरक नाही" असं कुठेच लिहिलेलं नाही. पी ०.०६ चा अर्थ इतकाच की दोन्हीत काही फरक नाही असं धरून चाललं तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता शंभरात साधारण सहा. बास. आणि मग डोस वेगवेगळे करून ग्राफ काढला की खरी मजा, अर्ध्या मिलीग्रामला १३.२३ विरुद्ध ७.९८, एक मिलीग्रामला २२.७० विरुद्ध १६.७७, आणि दोनला २६.०६ विरुद्ध २६.१४, म्हणजे कमी डोसला रस सरळ पुढे आणि जास्त डोसला दोघं बरोबरीत. सगळं एकत्र कालवलं म्हणून टी-टेस्टला काही दिसत नव्हतं. टू-वे अनोव्हा (दोन गोष्टींचा परिणाम एकत्र तपासणारी टेस्ट) केलं की हे आकड्यातही येतं, डोस आणि प्रकार दोन्ही फॅक्टर म्हणून टाकायचे.

अर्धा मार्क इथेच कापला. पी आपोआप दिसतो, इंटर्व्हल मात्र टिक केल्याशिवाय येत नाही, नव्या माणसाला ते कळणार कसं? उलट असतं तर किती बरं झालं असतं.

बाकी वापरायला झकास. उजवीकडे रिझल्ट, डावीकडे टिक करायच्या चौकटी, एखादी बदलली किंवा डेटात एक आकडा सुधारला की टेबल तिथल्या तिथे बदलतं, पुन्हा सगळं रन करत बसायला नको. शिकणाऱ्यासाठी हे फार मोठं आहे, एक वेडावाकडा आकडा मुद्दाम घालून बघा सरासरी कशी पळते आणि मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) कसा जागचा हलत नाही. फक्त फाइल उघडली की कॉलम कुठल्या प्रकारचा ते सॉफ्टवेअर स्वतः अंदाजाने ठरवतं, ते तपासा. ३९०००१ हा आकडा दिसत असला तरी पिनकोड आहे, त्याची सरासरी काढून काय मिळणारे.

अजून एक, आत सगळं आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं. सिंटॅक्स मोड चालू केला की प्रत्येक रिझल्टच्या वर त्याचा आर कोड दिसतो, तो उचलून आरमध्ये चालवता येतो, कोडिंगची भीती अशी हळूहळू जाते. पण थेट आरची टी-टेस्ट चालवलीत तर ती वेगळं सांगितल्याशिवाय वेल्चची पद्धत घेते, जामोवीत आधीपासून टिक असते ती स्टुडंटची, जी दोन्ही गटांचा पसारा सारखा धरून चालते. म्हणून वरच्याच डेटाला इथे डिग्रीज ऑफ फ्रीडम (पी काढताना लागणारा एक आकडा) ५८ आणि तिथे ५५.३, घाबरू नका, दोन्ही बरोबर. ही पद्धत देणारा विल्यम गॉसेट गिनेसच्या बिअर कारखान्यात होता, थोड्याच सॅम्पलवरून निष्कर्ष काढायची त्याची अडचण, पेपर १९०८ चा, "स्टुडंट" हे त्याचं टोपणनाव. आम्हा क्यूसीवाल्यांचाच माणूस म्हणायचा! मी स्वतः वेल्चवर टिक करते, दोन गटांचा पसारा सारखाच आहे हे गृहीत धरायला मला आवडत नाही.

लाखो ओळींचा डेटा किंवा रोज तोच रिपोर्ट काढायचा असेल तर सरळ आर नाहीतर पायथॉन शिका, हे त्यासाठी नाही. साफसफाईही एक्सेलमध्येच उरकून आणा. सेव्ह केलं की डेटा आणि ॲनालिसिस एकाच ओएमव्ही फाइलमध्ये राहतं, गाइडना तीच पाठवा, त्यांच्याकडे जामोवी नसेल तर पीडीएफ काढून द्या.