फोटो-ओळख परेडचे सॉफ्टवेअर: मुलांचा विचार केला, वृद्धांचा राहिला

साक्षीदाराला संशयिताचा आणि इतरांचे फोटो दाखवून गुन्हेगार ओळखायला सांगणारे हे सॉफ्टवेअर प्रशिक्षणवर्गात तपासताना सर्वाधिक समाधान एका गोष्टीचे वाटले: ‘खरा गुन्हेगार या फोटोंमध्ये नसेलही’ ही सूचना दाखवल्याशिवाय पहिला चेहरा उघडतच नाही, आणि संशयिताचा फोटो कोणता हे परेड घेणाऱ्यालाही कळत नाही. गुन्हेगार फोटोंमध्ये नसतानाही साक्षीदार असलेली लहान मुले तरुणांपेक्षा अधिक वेळा कोणाला तरी निवडतात, म्हणून त्यांच्यासाठी प्रश्नचिन्ह असलेली कोरी आकृती ठेवली आहे. ‘यांपैकी कोणी नाही’ असे बोलून सांगण्यापेक्षा तिच्यावर बोट ठेवणे त्यांना सोपे जाते. वृद्धांकडूनही तशीच चूक होते, तरी त्यांच्यासाठी काहीच सोय नाही, ही गंभीर उणीव आहे. सगळे फोटो एकत्र न दाखवता एकेक फोटो दाखवल्याने चुकीची ओळख घटते, पण खरी ओळखही काही वेळा निसटते, हे माहितीपत्रकात सांगायलाच हवे होते.