‘स्टारगर्ल’ की ‘मिस मार्व्हल’? मासेमारीबंदीत घरादाराने बघायला कोणता सीझन लावावा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हर्णैच्या बंदरात होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, एरवी समुद्रावर असणारी बापमंडळी घरात असतात, आगोटीचं सामान भरून झालेलं असतं आणि बाहेर पाऊस ओतत असतो. रात्री जेवणं आटोपली की घर टीव्हीसमोर जमतं आणि मुलांचा एकच धोशा सुरू होतो, सुपरहिरोचं काहीतरी लावा. दापोली-मंडणगडकडचे बरेच पालक मला विचारतात की शाळकरी मुलांच्या सुपरहिरो मालिकांपैकी नेमकी कोणती लावायची. माझ्या मते निवड दोघींतच आहे: ‘स्टारगर्ल’चा पहिला सीझन आणि ‘मिस मार्व्हल’. दोन्ही मी मुलांबरोबर बसून पूर्ण पाहिल्या आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण टीव्हीसमोर कोण बसणार, यावर उत्तर बदलतं.

आधी थोडक्यात. ‘स्टारगर्ल’चा पहिला सीझन २०२० चा, १३ भागांचा. डीसी या अमेरिकी कॉमिक्स कंपनीची गोष्ट. कोर्टनी व्हिटमोर नावाची मुलगी आई, सावत्र वडील आणि सावत्र भावाबरोबर लॉस एंजलिस सोडून नेब्रास्का राज्यातल्या ब्लू व्हॅली या छोट्या गावात राहायला येते. तळघरातल्या पेटीत तिला एक काठी सापडते. ही काठी स्वतःच्या मर्जीने उडते, रुसते, हट्ट करते. ‘मिस मार्व्हल’ २०२२ ची, फक्त ६ भागांची. न्यूयॉर्कलगतच्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची कमला खान. तिला आजीकडून आलेल्या सामानात एक कडं मिळतं आणि ते हातात चढवलं की प्रकाशाचे घट्ट, पाय ठेवता येतील असे तुकडे तयार होतात. पहिली बघायला नऊ-दहा तास लागतात, दुसरी साडेचार तासांच्या आसपास संपते. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांचा निर्णय इथेच होईल, पण तेवढ्यावर थांबू नका.

‘स्टारगर्ल’चं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तिचे खलनायक. ते आकाशातून पडत नाहीत, गावातच राहतात. कुणी शाळेचा प्राचार्य आहे, कुणी डॉक्टर, कुणी जिम चालवणारा. त्यांचा म्होरक्या जॉर्डन माहकेंट, म्हणजे आयसिकल, हा कोर्टनीच्या आईचा साहेब आहे आणि त्याचा मुलगा कोर्टनीच्या शाळेत. गाव लहान असलं की शत्रूशीही रोज हसून बोलावं लागतं, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. बाजारात, देवळात, लग्नात तोच माणूस समोर येतो. मालिकेने हा ताण फार चांगला पकडलाय. कोर्टनीची आई घरी येऊन साहेबाचं कौतुक करते आणि आपण बघणारे श्वास रोखून बसतो.

शिवाय त्या माणसाला कारण आहे. त्याची बायको कारखान्यातल्या विषारी प्रदूषणामुळे आजारी पडून गेली. पुढे तो जी योजना आखतो तिच्यात माणसांच्या मनातून भेदभाव जाईल, निसर्गाची काळजी घेतली जाईल, असं सगळं आहे. फक्त ती लोकांच्या डोक्यावर ताबा मिळवून करायची आणि ज्यांची मनं जुमानणार नाहीत ते मेले तरी चालेल, असा हिशेब आहे. दाभोळच्या खाडीत मेलेले मासे तरंगताना पाहिलेल्या मुलांना हा माणूस निव्वळ दुष्ट वाटणार नाही. आमच्याकडे त्या भागानंतर मुलांत जोरदार वाद झाला, ‘तो म्हणतोय ते बरोबर आहे, करतोय ते चूक आहे’ इथपर्यंत. सुपरहिरोच्या मालिकेने सातवीतल्या मुलांना एवढा विचार करायला लावला, याचं मला फार अप्रूप आहे.

दुसरी गोष्ट योलांडाची, आणि मुलामुलींच्या आईबापांनी ती बघावीच. योलांडा हुशार, सगळ्यांची लाडकी मुलगी. तिने मित्राला विश्वासाने पाठवलेला एक खासगी फोटो शाळेच्या निवडणुकीच्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर पोचतो. कमरेखालचा वार करणारी मुलगी, म्हणजे सिंडी, मिरवत राहते आणि भोगते योलांडा. घरात तिच्याशी कुणी धड बोलत नाही. शाळेतून घर, घरातून चर्च, बस. चौथा भाग सगळा तिचा आहे. जेवणाच्या टेबलावर ती बसलेली असते आणि तिचे आईवडील तिच्याकडे असे बघतात की पुढे तिने मांजरीच्या चपळाईने भिंती चढल्या तरी आपल्याला ते टेबलच आठवत राहतं. ती माफी मागते आणि ते विरघळत नाहीत. अमेरिकी मालिकेत अशा वेळी मिठी मारून शेवट गोड करतात. इथे केलेला नाही आणि तेच खरं आहे. गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखाद्या मुलीचं काय होऊ शकतं हे ठाऊक असलेल्या प्रत्येक घराने या भागानंतर टीव्ही बंद करून मुलांशी दहा मिनिटं बोलावं. विषय काढायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

तिसरं बळ पॅट. ल्यूक विल्सनने साकारलेला हा सावत्र बाप गॅरेज चालवतो आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांतून त्याने एक अवाढव्य यंत्रमानव बांधलाय. कोर्टनी त्याला बाप म्हणायला तयार नाही. तिचा खरा बाप दहा वर्षांपूर्वी ज्या रात्री आला नाही त्याच रात्री स्टारमॅन हा सुपरहिरो मेला, म्हणून तोच आपला बाप, असं तिने मनाशी धरलंय. हा धागा शेवटाकडे ज्या तऱ्हेने सुटतो तो मी सांगणार नाही. एवढंच सांगते की अकराव्या भागात एक माणूस दारात येतो आणि त्यानंतर पॅट फारसं न बोलता जे करतो, ते बघून आमच्या घरातले खलाशी बाबा उठून पडवीत गेले. कोर्टनीची व्यक्तिरेखा तिचे लेखक जेफ जॉन्स यांनी आपल्या बहिणीवरून बेतली आहे. ती १९९६ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाच्या दुर्घटनेत गेली, तिचंही नाव कोर्टनीच. कोर्टनी एवढी हसरी, एवढी उतावळी का लिहिली असेल ते हे कळल्यावर लक्षात येतं.

उणिवाही आहेत. मधल्या भागांत भुयारातला ड्रॅगन किंग वगैरे प्रकरण अगदीच पोरकट आहे. कोर्टनीच्या साथीदारांतली बेथ सुरुवातीला फक्त हसवण्यापुरती ठेवली आहे, तिला न्याय मिळायला वेळ लागतो. शाळकरी म्हणून दाखवलेली मंडळी चांगली विशीतली दिसतात. आणि तिसऱ्या भागात एका निरपराध मुलाचा मृत्यू येतो, तो अचानक येतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना एकट्याने बघू देऊ नका.

आता ‘मिस मार्व्हल’. इथे घर जितकं खरं आहे तितकं मी कुठल्याच सुपरहिरो मालिकेत पाहिलेलं नाही. आई मुनीबा झेनोबिया श्रॉफ, वडील युसुफ मोहन कपूर. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर ‘सांप सीढी’ बघणाऱ्यांना हा चेहरा लगेच ओळखू येईल. आणि कमला झालेली इमान वेल्लानी! तिची ही पहिलीच भूमिका होती, यावर विश्वास बसत नाही.

पहिल्या भागातला एक प्रसंग जरा जवळून बघा. कमलाला सुपरहिरोंच्या चाहत्यांच्या जत्रेला जायचंय. आई नाही म्हणते. मग खूप विचार करून आईबाप तोडगा काढतात: वडील बरोबर येतील, वडील मोठा हल्क होतील, ती छोटा हल्क. आईने तिच्यासाठी हिरवा सलवार-कमीझ तयार ठेवलाय. वडील तोंडाला हिरवा रंग फासून, खुशीत, खोलीत येतात. आणि कमला म्हणते की हे लाजिरवाणं आहे. त्या रंगाखाली मोहन कपूर यांचा चेहरा जसा उतरतो, त्यासाठी मी ही मालिका कुणालाही बघायला सांगेन. दोन्ही बाजू बरोबर, आणि दोघंही दुखावलेले. मुंबईला शिकायला जायचंय म्हणून हट्ट धरणारी मुलगी आणि ‘आत्याकडे राहा, मी सोडायला येतो’ म्हणणारा बाप ज्यांच्या घरात आहे, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

चौथ्या भागात गोष्ट कराचीला जाते. इथे कोकणातल्या प्रेक्षकाचं नातं आणखी जवळचं आहे. फाळणीच्या आगेमागे इथली कितीतरी मुसलमान कुटुंबं कराचीला गेली, तिथे कोकणी मुसलमानांची वस्ती आजही आहे आणि आपल्या किनाऱ्यावर अशी घरं आहेत ज्यांची सख्खी माणसं तिकडे आहेत. आमच्या शेजारच्या खाला कड्यासाठी किंवा मारामारीसाठी बसल्या नव्हत्या. कमलाची नानी जेव्हा म्हणते की माझा पासपोर्ट पाकिस्तानचा आणि मुळं हिंदुस्थानात, तेव्हा त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि तेवढा तुकडा परत लावायला सांगितला. मग चुलत्याची गोष्ट निघाली, आणि तो भाग आम्ही दुसऱ्या दिवशी पूर्ण केला. चौथा आणि पाचवा भाग शर्मीन ओबैद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलाय. त्या मूळच्या कराचीच्या, माहितीपटांसाठी दोनदा ऑस्कर मिळवलेल्या. चित्रीकरण मात्र थायलंडमध्ये झालं आणि काही गल्ल्यांत ते जाणवतं. फवाद खान आणि फरहान अख्तर हे दोघेही आहेत, पण फरहानसाठी म्हणून बसू नका, तो येतो आणि जातो.

पाचव्या भागातलं १९४७ चं रेल्वेस्टेशन हा या सीझनचा कळस. शेवटच्या गाडीसाठी उसळलेली गर्दी, आईबापाचा सुटलेला हात, हरवलेली छोटी मुलगी. फाळणी शाळेच्या पुस्तकात दोन पानांत संपते. इथे मुलांना ती माणसांच्या उंचीवरून दिसते. आठवी-नववीतल्या मुलांना मी हा एक भाग तरी दाखवेनच.

पण सीझन म्हणून बघायचं तर ‘मिस मार्व्हल’ मध्येच मोडते आणि मला त्याचं वाईट वाटतं. दुसऱ्या मितीतून आलेली नजमा ही इथली खलनायिका. तिला आणि तिच्या टोळीला काय हवंय, ते मिळालं तर काय होईल, हे धड कळत नाही. आज ती प्रेमाने जवळ घेते, उद्या लग्नाच्या हॉलमध्ये राडा घालते आणि पाचव्या भागात तिचा निकाल इतक्या घाईत लागतो की आमच्या मुलांनी ‘संपलं?’ असं विचारलं. मग सहाव्या भागासाठी सरकारी खातं शत्रू म्हणून पुढे आणावं लागतं. सहा भागांत शाळा, मशीद, लग्न, कराची, फाळणी आणि दुसरी मिती हे सगळं कोंबलंय. आणखी चार भाग मिळाले असते तर ही मालिका कुठल्या कुठे गेली असती. कॉमिक्समधली कमला आपलं शरीर ताणते, वाढवते. इथे त्याऐवजी प्रकाश आणलाय. दिसायला तो सुंदर आहे, पण आपल्याच अंगाशी जुळवून घेणाऱ्या वयातल्या मुलीची मूळ गंमत त्यात गेली.

ज्यांना दोन्हींतला फरक एकाच जागी बघायचाय त्यांनी दोघींच्या आया कशा दाखवल्यात ते बघावं. कोर्टनीच्या आईला सत्य उशिरा कळतं आणि तिचा राग पॅटवर निघतो, कारण लपवलं त्याने. तो राग पुढचे भाग घरात राहतो. कमलाच्या आईला कळतं तेव्हा तीन पिढ्यांच्या बायका एका जागी उभ्या असतात आणि राग क्षणात विरतो. शेवटी मुलीचा पोशाखही आईच पुढे करते. बघताना डोळे भरून येतात, पण पहिल्या भागातली ती कडक आई एवढ्या लवकर वळावी हे मला पटलं नाही. पहिली मालिका नाती कमावते, दुसरी त्यांना एका सुंदर प्रसंगात उरकते.

म्हणून माझं मत असं. ११ ते १४ वयाची मुलं असतील आणि रोज रात्री एक भाग असा दोन आठवड्यांचा बेत असेल, तर ‘स्टारगर्ल’. सीझन म्हणून ती सरस आहे, यात मला शंका नाही. घरात आजी आहे, आत्या आहे, कॉलेजातली मुलगी आहे, गणपतीला मुंबईहून चाकरमानी येणार आहेत आणि दोन रात्रींत काहीतरी सगळ्यांनी मिळून बघायचंय, तर ‘मिस मार्व्हल’. फक्त मारामारी हवी असेल तर दोन्ही राहू द्या.

‘मिस मार्व्हल’ हॉटस्टारवर हिंदीतही आली. आजी-आजोबांना हिंदी सोयीचं, पण जमेल तिथे मूळ आवाज ठेवा. घरात इंग्रजी बोलता बोलता मध्येच येणारं उर्दू हिंदी डबिंगमध्ये सपाट होतं. कुठलीही लावा, भाग दुपारीच डाऊनलोड करून ठेवा. पावसात रात्री लाईट आणि रेंज दोन्ही एकदमच जातात आणि स्टेशनच्या प्रसंगात गोल गोल फिरणारं चक्र बघायची वेळ कुणावर येऊ नये.

‘रनअवेज’चं नावही मुलं घेतील. आईबापच खलनायक ही कल्पना भन्नाट आहे, पण पहिल्या सीझनचे १० भाग संपता संपता कुठे ती मुलं घरातून पळतात. एवढा धीर आमच्याकडे कुणाला नव्हता. ‘क्लोक अँड डॅगर’ चांगली आहे, न्यू ऑर्लिन्समधली, पण तिचा सूर मोठ्यांचा. अकरावी-बारावीच्या पुढे ठेवा.

‘स्टारगर्ल’ आवडली तर एक लक्षात ठेवा: दुसरा सीझन लगोलग लावू नका. त्यातला एक्लिप्सो माणसाच्या मनातली भीती आणि अपराधीपणा उकरून काढतो आणि तो प्रकार पहिल्या सीझनपेक्षा बराच भीतीदायक आहे. धाकट्यांना त्या आधी झोपवा, किंवा त्यांना वर्षभर थांबायला सांगा.