कमकुवत इनॅमलसाठी फ्लुओराइडची कोणती पेस्ट घ्यावी?

लेकीच्या दातांच्या तारा निघाल्या त्या दिवशी घरी येऊन उजेडात पाहिलं, तर वरच्या चार दातांवर, जिथे तारेचे ठोकळे चिकटवलेले होते त्यांच्या भोवती, खडूसारख्या पांढऱ्या कडा. दात ओले असताना दिसत नव्हत्या. ओठ वर धरून जरा कोरडे होऊ दिले की उठून दिसायच्या. इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, कमकुवत होतं ते असं. वरचा थर अजून शाबूत असतो, पण आतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून गेलेलं असतं. या टप्प्यावर ते परत भरता येतं. एकदा खड्डा पडला की पेस्टचा उपयोग नाही, डेंटिस्टकडेच जावं लागतं. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात.

भरपाईचा माल लाळेतच असतो. गोड किंवा आंबट खाल्ल्यावर तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण 5.5 च्या खाली घसरला की इनॅमल विरघळू लागतं. तो वर आला की लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा दातावर बसतं. फ्लुओराइड हजर असेल तर ते लवकर बसतं आणि जास्त चिवट बसतं, अगदी 4.5 च्या आसपासपर्यंत तग धरतं. सगळ्या फ्लुओराइड पेस्ट हेच करतात. फरक आहे तो फ्लुओराइड कोणत्या रूपात आहे आणि दातापर्यंत कसं पोहोचतं यात. ते ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त पांढऱ्या पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट असतं. या पेस्ट घासण्यासाठी खडूवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर बनतात. साधं सोडियम फ्लुओराइड खडूत मिसळलं तर ते कॅल्शियमशी जुळून ट्यूबमध्येच अडकून बसेल. मोनोफ्लुओरोफॉस्फेटमध्ये फ्लुओराइड फॉस्फेटला घट्ट धरून असतं, आणि तोंडातली विकरं (एन्झाइम) ती गाठ सोडवतात तेव्हा मोकळं होतं. म्हणून थोडा वेळ लागतो. घाईघाईत अर्धा मिनिट घासून थुंकणाऱ्याला त्याचा पुरता फायदा मिळत नाही.

सोडियम फ्लुओराइड पाण्यात पडताक्षणी मोकळं होतं. त्यामुळे ते खडूऐवजी सिलिका (वाळूच्या जातीची बारीक पूड) असलेल्या, थोड्या महाग पेस्टमध्ये येतं. दोघांत सरस कोण यावर तज्ज्ञांचा वाद जुना आहे, आणि फरक निघाला तरी लहानच. आकड्यांनी मात्र फसू नका. एका ट्यूबवर 0.76 टक्के मोनोफ्लुओरोफॉस्फेट आणि दुसरीवर 0.22 टक्के सोडियम फ्लुओराइड लिहिलेलं दिसेल, पण दोन्हींत प्रत्यक्ष फ्लुओराइड जवळजवळ सारखंच, 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) घरात.

तिसरं स्टॅनस फ्लुओराइड. स्टॅनस म्हणजे कथील, तेच, ज्याची पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात. चिंचेची आमटी पितळेला बाधू नये म्हणून कल्हई. इथेही कथिलाचा पातळ थर आंबटापासून इनॅमल जपतो. शिवाय हिरड्या सुजवणारे जंतू आटोक्यात ठेवतो आणि ठणकाही कमी करतो. ज्यांना रोज लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक लागतं, ॲसिडिटीने आंबट पाणी तोंडात येतं, दात झिजून पिवळे दिसू लागलेत, त्यांनी जास्तीचे पैसे इथे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. काहींच्या दातांवर तपकिरी डाग येतात, ते डेंटिस्टकडे साफ होतात.

‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेल्या पेस्टमधलं पोटॅशियम नायट्रेट फक्त ठणका शांत करतं. ती घ्यायचीच असेल तर सोबत फ्लुओराइड आहे ना, ते बघा. अनेक आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतं.

भारतात टूथपेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा जास्त फ्लुओराइड घालायला कायद्याने परवानगी नाही आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो. ब्रिटनमध्ये मोठ्यांच्या पेस्ट 1450 पर्यंत असतात, त्या थोडं जास्त संरक्षण देतात. तिकडून कुणी नातेवाईक पेस्ट आणत असतील तर मोठ्यांनी वापरायला हरकत नाही. पेस्ट गिळणाऱ्या लहानग्यांपासून मात्र दूर ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लुओराइड जास्त आहे, तिथे आठ वर्षांखालच्या मुलांची पेस्ट डेंटिस्टला विचारूनच ठरवा. दात हिरडीत घडत असताना पोटात गेलेलं जास्तीचं फ्लुओराइड कायमचे डाग पाडतं.

आमच्याकडे सोडियम फ्लुओराइडची साधी पेस्ट आली. त्याहून मोठा बदल म्हणजे रात्रीची चूळ बंद केली. दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा, पाणी घ्यायचं नाही. झोपेत लाळ कमी सुटते, तेव्हा दातांवर राहिलेलं फ्लुओराइडच कामाला येतं. पहिला आठवडा लेकीने तोंड वाकडं केलं. सहा महिन्यांनी तीन दातांवरच्या कडा फिकट झाल्यात. डाव्या सुळ्यावरची अजून तशीच आहे, तिच्यासाठी पुढच्या महिन्यात डेंटिस्टकडे फ्लुओराइड वार्निश, म्हणजे दातावर चिकटून राहणारा फ्लुओराइडचा लेप, लावायचं ठरलंय.