तापीखोऱ्याच्या मातीत जिम्नी: कोणताही बदल न केलेल्या फोर बाय फोरचा अनुभव

दिवाळीनंतर घेतलेली मारुती सुझुकीची पाच दारांची, मॅन्युअल गिअरची जिम्नी उन्हाळाभर आणि त्यापाठोपाठ अख्खा पावसाळा जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत वापरल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे, की खडतर वाटेवर गाडी चालवायला शिकू पाहणाऱ्याने पहिले वर्षभर तरी तिच्यात एकही बदल करू नये. उंची वाढवणारे सस्पेन्शन, लोखंडी बंपर आणि टपावरचे दिवे यांवर खर्च करण्याआधी हवा मोजायचे मीटर, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, ओढायचा चांगला पट्टा आणि एक फावडे एवढेच घ्यावे.

२०२३ च्या जूनमध्ये भारतात विक्रीला आलेल्या या गाडीला १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन, स्वतंत्र चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि पुढे-मागे अखंड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहेत. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक दांडा असतो. त्यावर २एच (फक्त मागच्या चाकांना ताकद), ४एच (चारही चाकांना) आणि ४एल (चारही चाकांना, पण संथ गतीने) असे तीन पर्याय मिळतात. ४एचमध्ये पुढचे आणि मागचे अॅक्सल एकमेकांशी बांधले जातात आणि मधे डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) नसतो. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागत असल्यामुळे कोरड्या डांबरावर या फरकाचा सगळा ताण यंत्रणेवर येतो, म्हणून ४एच सैल किंवा निसरड्या जमिनीवरच वापरावे. ४एल गाडी थांबवून, क्लच पूर्ण दाबून टाकायचे असते. त्याचे गुणोत्तर २.००२ आहे, म्हणजे वेग निम्मा होतो आणि चाकांवरची ओढ दुप्पट होते. या इंजिनचा १३४ न्यूटन मीटरचा कमाल जोर मिनिटाला ४००० फेऱ्यांना मिळत असल्याने खालच्या फेऱ्यांवर ताकद बेताचीच असते, आणि नवखा माणूस चढावर अर्धा क्लच दाबून ती उणीव भरून काढू पाहतो. त्यात क्लच जळतो. ४एल आणि पहिला गिअर टाकून, क्लचवरचा पाय पूर्ण काढून गाडी सावकाश चढू देणे, हा मी सर्वांत आधी केलेला आणि सर्वांत उपयोगी पडलेला सराव आहे.

गिरणेच्या कोरड्या पात्रातून पलीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटेवर वाळू कशी असते ते कळले. कंपनीने सांगितलेली हवा कमी करून १८ पीएसआयवर आणली, की टायर लांबट पसरतो आणि वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून जातो. वाळूत ब्रेक मारू नये, कारण चाकांपुढे ढीग साचतो. गाडी आपोआप थांबू द्यावी. चाक जागेवर फिरू लागले, तर रेस वाढवून ते आणखी खाली घालवण्याऐवजी आपल्याच चाकोरीतून मागे यावे. डांबरावर येताच मात्र हवा पुन्हा पूर्ण भरावी, कारण पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो त्या मे महिन्यात कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो.

खरी परीक्षा काळ्या मातीची आहे, आणि इथे जिम्नीच काय, रस्त्यासाठी बनवलेले टायर असलेली कोणतीही गाडी हतबल होते. चोपडा-अमळनेरकडची ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या दमदार पावसात फुगून लोण्यासारखी होते. ती टायरच्या खाचांत भरते, काही फेऱ्यांतच टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाके फिरत असूनही गाडी आडवी सरकते. हवा कमी केल्याने इथे फारसा फरक पडत नाही. एका पांदण रस्त्याच्या तोंडाशी गुरे घेऊन उभे असलेले एक नाना म्हणाले, “तठे नका जाऊ भाऊ, गाळ शे.” मी उतरून चालत गेलो, तर बूट घोट्यापर्यंत गेला आणि गाडी मागे घेतली. पावसानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन पडेपर्यंत या वाटांवर जाऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. आपण रुततो हा त्यातला लहान भाग आहे. आपल्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या वाळून टणक होतात आणि पुढे महिनोन्महिने केळीचा माल काढणाऱ्या शेतकऱ्याला त्यांतून वाहन काढावे लागते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांनी भरलेल्या नाल्यांत ही गाडी सर्वाधिक आवडली. जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर आहे, पण अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा त्याहून महत्त्वाचा. मोठा दगड दोन चाकांच्या मधून घेण्यापेक्षा त्यावर चाक चढवावे, म्हणजे अॅक्सल आणि गोळाही त्याबरोबर वर उचलला जातो. कोनाकोनी समोरासमोरची दोन चाके अधांतरी झाली की संगणक फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवतो. तेव्हा कडकड आवाज येतो. तो ऐकून पाय काढून घेऊ नये, रेस स्थिर ठेवावी. शेताच्या उंच बांधांवर मात्र २५९० मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) आडवा येतो आणि पोट टेकण्याची शक्यता राहते.

नाल्यावरच्या बुटक्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे; बाराशे किलोच्या गाडीला वाहते पाणी सहज ढकलते, आणि धरणातून विसर्ग सुरू झाला की वर आभाळ कोरडे असतानाही पात्र भरते. यावल किंवा गौताळा अभयारण्यात ठरलेला रस्ता सोडून गाडी नेण्याचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय शिकायला गावशिवार पुरेसे आहे. तिथे मालकाला विचारावे.

अडकल्यावर आपल्याकडे ट्रॅक्टर लवकर मिळतो, पण साखळी लावून हिसका देण्याची सवय धोकादायक आहे. पट्टा चासीला जोडलेल्या हुकातच अडकवावा, हळूहळू ताणावा आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीहून दूर उभे करावे.

कुटुंबासह तोरणमाळला जायचे तर मागची सीट उभी असताना सामानाला २०८ लिटरच जागा उरते, आणि ४एलमध्ये दिवस काढला की लिटरला १६.९४ किलोमीटरचा कागदावरचा मायलेज विसरावा लागतो. माझा पुढचा खर्च ठरला आहे: सध्याचे टायर झिजल्यावर त्याच १९५/८० आर१५ मापाचे, खोल खाचांचे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर.