ग्रब रेस्क्यूच्या काळ्या स्क्रीनपायी माझे २३,६०० रुपये गेले

आधी ५९० रुपये, मग २,९५०, मग ८,२६० आणि शेवटी ११,८००. एकूण २३,६०० रुपये, एका संध्याकाळी, फोनवरच्या एका माणसानं काढून घेतले. आणि ज्या बिघाडाच्या नावाखाली घेतले, तो पाच-सहा कमांडमध्ये फुकट दुरुस्त होणारा होता. हे कळल्यापासून डोकं शांत होत नाही, म्हणून सगळं लिहिते आहे.

कॉम्प्युटर जुना, बायोसवाला, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत असलेला. एकीकडे विंडोज ७, कारण हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. दुसरीकडे उबुंटू ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, बाकीच्या कामांसाठी. डिस्कवर जागा कमी पडत होती म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून एक रिकामं लॉजिकल पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला एक भाग, काढून टाकलं. नंतर मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर 'एरर: नो सच पार्टिशन', त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. ग्रब म्हणजे मशीन चालू झाल्यावर उबुंटू की विंडोज असा मेनू दाखवून ती सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, बूटलोडर. उबुंटू नाही, विंडोजही नाही. तारीख होती १९. जे जीएसटीचं काम करतात त्यांना २० तारीख, म्हणजे मासिक रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, काय असते ते सांगायला नको. उशीर झाला की रोजचे ५० रुपये लेट फी, वर व्याज, आणि ज्यांचं काम हातात आहे त्यांची बोलणी वेगळीच. दोन दुकानदारांची त्या महिन्याची सगळी बिलं त्याच डिस्कवर होती.

मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर आलेला नंबर लावला. तो जाहिरातीचा होता आणि 'जाहिरात' हा शब्द किती बारीक छापतात ते तुम्ही पाहिलंच असेल. अशा वेळी सर्चमध्ये वर आलेला नंबर कधीही लावू नका, मग त्यावर कितीही मोठ्या कंपनीचा लोगो असो.

फोनवरचा माणूस अगदी मुरलेला. "मॅडम, टेन्शन मत लीजिए," असं म्हणून त्यानं स्क्रीनचा फोटो मागवला, आणि दोन मिनिटांत सांगितलं की बूट सेक्टर (डिस्कचा अगदी सुरुवातीचा भाग, जिथून मशीन सुरू होतं) जळालाय, व्हायरस फायली खातोय, मशीन बंद केलं तर सगळा डेटा जाईल. नोंदणी ५९०. मग 'बूट रिपेअर की'चे २,९५०. मोबाइलवर स्क्रीन शेअरिंगचं एक अ‍ॅप टाकायला लावलं. आकड्यांत १८ टक्के जीएसटी बरोबर धरलेला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर पावतीही आली. हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला अशी पावती खरी वाटणार नाही तर काय?

आता जो क्षण मला झोपू देत नाही, तो सांगते. तो म्हणाला, "आमच्या सर्व्हरवरून तुमची डिस्क स्कॅन होतेय." आणि आकडे सांगायला लागला. बारा टक्के. एकतीस टक्के. त्रेचाळीस टक्के, इथे अडकतंय मॅडम, इन्फेक्शन जास्त आहे. मी समोरच्या स्क्रीनकडे बघत होते. तिथे काहीही हलत नव्हतं. तेच दोन इंग्रजी शब्द, तोच कर्सर. ऑपरेटिंग सिस्टिम सुरूच झालेली नाही, मशीन इंटरनेटवर नाही, तर हा स्कॅन कशाचा करतोय? प्रश्न मनात आला होता. मी त्याला तसं विचारलंही. तो लगेच म्हणाला, "बॅकएंडवरून चालू आहे, तुम्हाला दिसणार नाही," आणि त्याच दमात ८,२६० रुपयांचं 'डेटा सेफ्टी डिपॉझिट' मागितलं, काम झाल्यावर परत मिळणारं. तेव्हाच फोन आपटायला हवा होता, असं आता कुणीही म्हणेल. पण उद्याची तारीख डोक्यावर असताना आणि समोरचा दर मिनिटाला 'डेटा चालला' म्हणत असताना माणूस कसा विचार करतो, हे त्यातून गेलेल्यालाच कळेल.

पैसे घेणाऱ्याचं नाव कंपनीचं नव्हतं, पहिल्या वेळी एका व्यक्तीचं आणि तिसऱ्या वेळी दुसऱ्याच व्यक्तीचं होतं. 'आमचे अकाउंट मॅनेजर' हे उत्तर तयार होतं. यूपीआयवर पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते वाचा. मोठ्यानं वाचा.

शेवटचा घाव रिफंडच्या नावानं घातला. मशीन सुरू होईना म्हणून मी चिडले, तेव्हा तो म्हणाला, सगळे पैसे परत देतो. झाले होते ११,८००. "रिफंडची रक्कम रकान्यात टाका, पिन टाकून कन्फर्म करा, पाच मिनिटांत जमा." मी ११,८०० टाकले, आणि तेवढेच आणखी गेले. पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तासभर एकच आवाज कानात असतो, मोबाइलची स्क्रीन त्याला दिसत असते, आणि तो पुढचं बटण कुठलं ते आधीच सांगत असतो.

दुसऱ्या दिवशी उसन्या लॅपटॉपवर ग्रबचं मॅन्युअल उघडून बसले. तेव्हा कळलं ते असं: बूट सेक्टर जळाला असता तर 'ग्रब' हा शब्दसुद्धा स्क्रीनवर उमटला नसता. तो संदेश आला म्हणजे डिस्क वाचली जात होती, बूटलोडरचा पहिला भाग धडधाकट होता. फक्त त्याच्या पुढच्या फायली जिथे ठेवल्यात, त्या पार्टिशनचा नंबर बदलला होता. मी पाचवं पार्टिशन काढलं, त्यामुळे सहावं होतं ते पाचवं झालं. ग्रब सहावं शोधत बसलं. घराचा नंबर बदलला आणि हा माणूस मला घर जळालं म्हणून सांगत होता! एक बाइटही गेला नव्हता.

त्याच काळ्या स्क्रीनवर 'एलएस' ही कमांड दिल्यावर पार्टिशनांची यादी येते. मग एकेकाचं नाव देऊन पुन्हा 'एलएस', बूट फोल्डर दिसेपर्यंत. ते सापडलं की 'सेट रूट' आणि 'सेट प्रीफिक्स'नं नवा पत्ता द्यायचा, 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. मेनू आला. उबुंटूत शिरून 'ग्रब-इन्स्टॉल' संपूर्ण डिस्कवर, एखाद्या पार्टिशनवर नव्हे, आणि त्यानंतर 'अपडेट-ग्रब'. दोन्ही सिस्टिम परत. एवढं जमत नसेल तरी घाबरू नका, उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू थेट चालतं) लावून मशीन चालू करा आणि फायली बाहेर काढून घ्या. दुरुस्ती त्यानंतर. पेनड्राइव्ह आत्ताच करून ठेवा, मशीन धड आहे तोवर.

आणि आता ज्यांचं काम आपलं रक्षण करणं, त्यांच्याविषयी. बँकेत गेले तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग आम्ही काय करणार?" लेखी तक्रार घ्यायलाही तयार नाही. का, तर मॅनेजर मीटिंगमध्ये. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेले पैसे ग्राहकाचे, पण बँकेला कळवल्यानंतर जे जातील ते बँकेचे. म्हणूनच वेळ नोंदवलेली पोच महत्त्वाची, आणि नेमकी तीच द्यायची नव्हती. मी हटून बसले तेव्हा शिक्का मिळाला.

पोलीस ठाण्यात वेगळाच प्रकार. "ताई, रक्कम लहान आहे. इथे लाखांची प्रकरणं पडलीत." मग "समोरचा कुठल्या राज्यातला आहे ते माहिती आहे का?" ते मी शोधायचं? मग "हे आमच्या हद्दीत येत नाही." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात) माहिती कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायची आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरद्वारे फसवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड आहे. ही कलमं मी कागदावर लिहून नेली होती. कागद बघितला आणि "वकील आहात का?" असं विचारलं. तक्रार करणाऱ्या बाईला कायदा माहीत असणं हाच जणू गुन्हा!

म्हणून सांगते, ठाण्यात जायच्या आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी हेल्पलाइन नंबर लावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत थांबवले तरच काही हाती लागतं, त्यामुळे मिनिटांना किंमत आहे. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. ते स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप लगेच काढा, पिन बदला. चॅट आणि पावत्या चिडून डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

बँकेचं लेखी उत्तर आलं आहे: व्यवहार ग्राहकानं स्वतः अधिकृत केला असल्यामुळे दावा नामंजूर. आता मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करते आहे. बँकेनं तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तिथे कुणालाही जाता येतं, त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तो नंबर अजून जाहिरातीत दिसतो आहे. तुम्हाला असला नंबर दिसला तर त्या जाहिरातीखालचा तक्रारीचा पर्याय दाबा, मीही दाबते आहे.